जुना नंबर ठेवायचा आहे का?

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. आईचा गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या भावोजींचं पोट मात्र आहे तसं नाही, दर महिन्याला पुढे सरकतंय.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. गेले दोन रविवार तू घरचा नंबर लावत असशील आणि तो सेवेत नाही असं ऐकत असशील, त्याचा खुलासा करायला लिहिते आहे. मोबाइलवर सांगितलं असतं, पण मी फोन केला की तू दुसऱ्या वाक्याला "आईला दे ना" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदाला "आईला दे" म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

तर झालं असं. एकोणीस वर्षं मी फोन कंपनीच्या काउंटरवर बसून लोकांना बिल कसं कमी करायचं ते शिकवते आणि आपल्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. लाइनचं भाडं वेगळं, नेटचं वेगळं, परदेशी कॉलचा पॅक वेगळा. वर आईसाहेबांना मधल्या वारी तुझी आठवण आली की त्याचा भुर्दंड वेगळा. एकदा बसून हिशेब केला. फोनची लाइन काढून नुसतं ब्रॉडबँड ठेवलं तर बिल जवळजवळ निम्म्यावर येतं. मग काढली. माझ्याच काउंटरवर, माझ्याच हातांनी. जुना नंबर तेवढा त्या गडबडीत गेला. राहूनच गेलं बघ माझ्याकडून.

पण बिघडलं काय? मी आईसाठी टॅबलेट लावून ठेवला आहे. व्हिडिओ कॉल फुकट, तुझी ती कॉलिंग कार्डंही वाचतील आणि चेहरा दिसेल तो वेगळाच. आमच्या काउंटरवर कुणाला हे सांगितलं की माणूस दोनदा आभार मानतो.

शिवाय खरं सांगू? एक तास दहा मिनिटं म्हणजे फारच झालं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. एवढं काय बोलता गं तुम्ही? आईला विचारलं तर म्हणते, "काही नाही, असंच." असंच बोलायला सव्वा तास लागतो! माझ्या वाट्याला तिची चार वाक्यं येतात. गॅस बंद केलास का, गोळी दे, आज उशीर झाला, पंखा कमी कर. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. गमतीने म्हणते आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी काटकसरी,
ताई


२० मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद आहेतच. आईचा गुडघा बरा आहे.

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, पण भावोजींना मोबाइलवर जे म्हणालीस ते मी ऐकलं. "ताई आणि फोनच्या कामात विसरली? मला नाही पटत." ते बिचारे स्पीकर बंद करायला विसरले होते. माझा नुसता तिळपापड झाला. तिकडे बसून हिला काय कळतं, आईची औषधं कोण आणतं, रात्री-अपरात्री कोण उठतं, असं बरंच काही मी भांड्यांना ऐकवलं. तू खोटं बोलली असतीस तर मला एवढा राग आला नसता.

टॅबलेटचं काय झालं ते तू पाहतेसच. आई पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःलाच बघते, केस सारखे करते, "बरी आहेस ना? जेवलीस? बरं, ठेवते मग" म्हणते आणि उठते. चार मिनिटं. फोन ठेवायचा त्या जागी मी एक कुंडी ठेवली होती. संध्याकाळी कामावरून आले तर कुंडी गॅलरीत आणि मुका फोन पुन्हा आपल्या जागी. आई बोलली काही नाही. मला वाटलं होतं, तुझा सव्वा तास मोकळा झाला की त्यातली पंधरा मिनिटं तरी माझ्याकडे वळतील. वळली नाहीत. उलट माझ्या चार वाक्यांतलं पंख्याचंही गेलं. गार वाटलं की आता स्वतःच उठून बटण फिरवते.

आता लिहितेच. लाइन बंद करायच्या अर्जावर तिसऱ्या ओळीत एक चौकट असते. 'जुना नंबर ठेवायचा आहे का?' तिथे खूण केली की तोच नंबर ब्रॉडबँडवर चालतो, परदेशातून येणाऱ्या फोनसकट, आणि त्याला एक पैसा जास्त पडत नाही. म्हणजे बचत तेवढीच झाली असती आणि तुझा फोनही आला असता. एकोणीस वर्षं मी हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा विचारत आले. आपल्या अर्जावर ती चौकट मी बराच वेळ बघत बसले आणि रिकामी सोडली.

का, तेही सांगते. जानेवारीत मला ताप होता. रविवार होता आणि मी आतल्या खोलीत पडून होते. बाहेर आई तुला फोनवर सांगत होती. लग्नाआधी सात महिने ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, कानाला यंत्र लावून लांबचे कॉल जोडून द्यायची, आणि एकदा तिने चुकून एका वकिलाला भलत्याच बाईशी जोडून दिलं आणि ती दोघं वीस मिनिटं भांडली तरी आपण भलत्याशीच भांडतोय याचा त्यांना पत्ता नव्हता! सांगताना आईला हसू आवरत नव्हतं. तूही हसत असणार.

बारके, मी फोन कंपनीत नोकरी करते. माझी आई फोनवर काम करत होती हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी भिंतीपलीकडून कळलं, आणि तेही तिने तुला सांगितलं म्हणून. माझ्या पोटात दुखलं. तापाने नाही. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, मी तिच्याजवळ आहे आणि आई तुझ्याकडे राहते असं मला वाटलं. सोमवारी मी कामावर गेले आणि अर्ज भरला.

गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ लाइन बंद करायला आले. मी सवयीने विचारलं, "जुना नंबर ठेवायचा आहे का?"

ते म्हणाले, "नाही ठेवला तर काय होतं?"

"ज्यांना हाच पाठ आहे, त्यांना तुम्ही सापडणार नाही."

हे वाक्यही मी शेकडो वेळा बोलले असेन. त्या दिवशी बोलले आणि पुढचं टोकन पुकारायचं सोडून त्यांच्या अर्जावरच्या चौकटीकडे बघत बसले. शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "पाणी पी जा." मी पाणी प्यायले आणि साहेबांकडे गेले. बंद केलेला नंबर नव्वद दिवस कुणाला देत नाहीत. आपला साठाच्या आत होता. दंड, नवी जोडणी, नवं भाडं, सगळं भरलं. वर्षभराची बचत त्यात गेली. साहेब म्हणाले, "अहो, तुमच्याकडून चौकट राहिली?" मी म्हटलं, "राहिली नाही, ठेवली." त्यांना कळलं नाही आणि मीही समजावलं नाही.

मंगळवारी लाइन सुरू झाली. आईला मी सांगितलं नाही, मला तोंड नव्हतं. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून काउंटरवरून घरचा नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" असा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. ताठ, गोड, पंचविशीतल्या बाईचा.

"मी आहे."

"तू होय! बोल."

मी म्हटलं, "आई, नंबर माझ्याकडून गेला नव्हता. मी घालवला होता."

आई म्हणाली, "माहीत आहे मला. तू कधी चुकतेस का या कामात?"

"मग बोलली का नाहीस?"

"समोर कशी बोलू? समोर तू पर्स शोधत असतेस. मला तर बाई, चेहरा दिसला की शब्दच सुचत नाहीत. एक्स्चेंजपासूनची खोड आहे ती."

मी विचारलं, "एक्स्चेंज? ते कुठलं?" हो, मुद्दाम विचारलं. आणि आईने मला वकिलाची गोष्ट सांगितली. तुला सांगितली त्याहून मोठी. ती भांडणारी बाई कोण होती ते तुला माहीत आहे? नसणारच. मला आहे. पंचेचाळीस मिनिटं बोललो. डबा तसाच परत आणला आणि घरी आल्यावर आई म्हणाली, "उशीर झाला आज." मला हसू आलं.

तेव्हा आता नंबर तोच आहे. रविवार तुझा, पूर्वीसारखाच, सव्वा तास काय, दोन तास बोल. मी त्या वेळी बाजारात जात जाईन. मला अजूनही भिंतीपलीकडून ऐकवत नाही, ते खोटं कशाला लिहू. माफी मागितली नाही असं तुला वाटेल. वरची दोन पानं तीच आहेत.

फक्त एक लक्षात ठेव. बुधवारी आमच्या दुपारी एक ते दोन लाइन एंगेज लागेल. आई कुणाशी बोलते असं तिला विचारलंस तर ती म्हणेल, "काही नाही, असंच."

विचारू नकोस.

तुझी,
ताई