आभाळाकडे बघणारी तलंग

चेरीताल, जबलपूर

प्रिय प्रमोदिनी,

तुझा कालचा व्हिडिओ पाहूनही मी उत्तर दिलं नाही, म्हणून रुसली असशील. फोनवर बोलायची हिंमत होत नाही. हे कागदावर लिहून फक्त फोटो पाठवते आहे. इथला कागदसुद्धा तुझ्याकडे यायला नको.

रिछाईपलीकडचं आमचं शेड रिकामं झालं गं. आधी एक कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली, खाली हिरवी पातळ विष्ठा. ऊन लागलं असेल म्हणून मी गुळाचं पाणी पाजलं. मग दुसरी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. संध्याकाळी ती मेली, आणि मग रोज टोपल्या भरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग. मी त्यांच्याशी भांडले, लस पाजली होती म्हणून. कुठल्या पाण्यातून, त्यांनी विचारलं. तुझ्या भाऊजींनी विहिरीचं सोडून मुद्दाम नळाचं पाणी वाहून आणलं होतं, कोंबड्यांना स्वच्छ मिळावं म्हणून. त्यातल्या क्लोरीननं लस पाण्यातच मेली होती.

चुना टाकून सगळ्या पुरल्या. भाऊजी आता जेवतात तेवढंच. काल मी शेड झाडायला निघाले तर म्हणाले, "काहून जाऊन राहिली? कोणासाठी?" मी खराटा दाराशीच टेकवून ठेवला.

शाळेची नोकरी सुटल्यावर कटनीत तू एकटीनं शेड उभं केलंस, याचा मला किती अभिमान! म्हणूनच या महिन्यात माझ्या तलंगा तुला भेट पाठवल्या, कोवळ्या कोंबड्या, पहिल्या अंड्यावर येतच होत्या. आमच्याकडे तेव्हा काहीच दिसत नव्हतं. काही दिवस वेगळ्या ठेवू का, तू विचारलंस. मीच म्हटलं, घरच्याच आहेत, लस दिलेल्या, सोड तुझ्या कोंबड्यांत.

व्हिडिओखाली तू हसत लिहिलंस, "ताई, तुझी ही तलंग बघ, सारखी आभाळाकडेच बघते." प्रमू, ती आभाळाकडे बघत नाही. तिची मान वळली आहे. आत्ताच डॉक्टरांना बोलाव. माझ्या सगळ्या तलंगा वेगळ्या काढ, एकही विकू नकोस, शेडमध्ये कोणाला येऊ देऊ नकोस. तुझ्या बाकीच्या वाचतील असं मला म्हणवत नाही. अशा वेळी मी तुझ्याजवळ हवी होते, पण मलाही येऊ देऊ नकोस.

तुझीच,
विनताताई