उजवा कौल

मु. मसुरे, ता. मालवण
१७ फेब्रुवारी १९६३

प्रिय सुगंधा,

हे अक्षर माझं आहे. दुसरीतून शाळा सुटली, त्यानंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. वाचून दाखवताना सुशीला अडखळेल. लेकीला सांग, अंदाजानं पुढे जाऊ नको, लागलं नाही तर परत बघ. आजवर तुला माझी पत्रं गेली ती सगळी भिकाजी मास्तरांच्या हातची. हे त्यांना सांगून लिहून घेण्यासारखं नव्हतं. वेंगुर्ल्याची गाडी धरून मीच यायचं म्हणून दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली.

तुझी गाय व्याली, पाडी झाली. परड्यातले नारळ पाडून घेतले. काजूला मोहोर बरा आहे. घराची काळजी करू नको, बहिणीचं घर मी वाऱ्यावर सोडणार नाही.

संक्रांतीनंतर देवळापुढच्या मांडावर बैठक झाली आणि दुसऱ्याच दिवशी तू लेकीकडे निघून गेलीस. पण ती बैठक अजून उठलेली नाही असंच समज. विहिरीवर जा, मासळीच्या पाटीपाशी जा, विषय तोच. माझा दीर शंकर गिरणीतून रजा काढून आला होता, त्यानं लिहिलेला अर्ज आमच्या कोनाड्यात घडी करून पडला आहे. तीन ओळींचा तर अर्ज. तयारी नसताना आमची पोरं चीनच्या तोंडी दिलीत, हे चुकलं, असं पंतप्रधानांनी देशासमोर उभं राहून म्हणावं. खाली गावाच्या सह्या आणि अंगठे. दोन अंगठ्यांच्या जागा मोकळ्या आहेत. एक तुझी. दुसरी सीतेची, जिचा पोरगा अजून बेपत्ता आहे.

मास्तर म्हणतात देशाचा पुढारी असा हात जोडून उभा राहिला तर दुश्मन हसेल. मी त्यांना तिथंच म्हटलं, मास्तरानू, दुश्मन हसाचो तितको हसलो. आपल्यात बांधाचा दगड वीतभर सरकवला तरी माणूस मानकऱ्यांसमोर नारळ ठेवून चूक कबूल करतो, आणि इथे एवढी पोरं बर्फात गेली तरी कोणाचं तोंड उघडत नाही. बायका माझ्या बाजूनं हसल्या. मग मास्तर तुझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, नर्मदाबाई, त्या आईला आज वाटतंय की मुलगा देशाच्या कामी आला. उद्या पुढारीच चुकलो म्हणाला तर तिच्या हातात काय उरेल? मी म्हटलं, खरं उरेल. तेव्हा फार ऐटीत म्हटलं. दिल्ली लांब आहे, तिला सुनवायला मला काहीच जड गेलं नाही.

आणि मग तू उठलीस. तू चारचौघांत कधी बोलत नाहीस, म्हणून सगळे तुझ्याकडे वळले. तू म्हणालीस, देवान सांगल्यान जा, म्हणान माजो झील दत्ताराम गेलो. मगे दिल्लीवाल्याक कित्याक पिडतास? सीतेनं पुढे केलेला हात पदरात घेतला. शंकरनं शाईची डबी बंद केली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता नर्मदा बहिणीला काय उत्तर देते म्हणून. मी खाली बघत चटईची काडी मोडत बसले. तुला वाटलं असेल मी रागावले.

मध्ये उठून म्हशीला पाणी दाखवून आले. बसवत नाही.

गेल्या मंगळवारी मालवणचा कायतान आला होता. दत्तारामच्या तुकडीतला, फोटोत ज्याचा हात दत्तारामच्या खांद्यावर आहे तोच. काठी टेकत आला. तुझं दार बंद पाहून माझ्याकडे आला. ओटीवर बसून पाय चोळत म्हणाला, मावशे, माजे पाय अजून माजे वाटनत नाय. चहा दिला तर कप धरून नुसता बसला. सुती कपडे, पातळ बूट, दोघांत एक कांबळं, हे आपण आधी ऐकलं होतं. त्याच्या पुढचं त्यानं सांगितलं, ते पलटणीच्या तारेत नव्हतं. दत्तारामला गोळी लागली नाही. चढावर त्याचा ताप उलटला. इथून गेला तेव्हा हिवताप अंगातून पुरता गेलेलाच नव्हता. दोन दिवस फणफणत चालला, कायताननं त्याची बंदूक उचलली, तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. शेवटी आई आई करत होता की काय ते मी विचारलं नाही. तुला विचारायचं असेल तर विचार. कायतान येत्या रविवारी वेंगुर्ल्याला तुझ्याकडे येणार आहे. त्याच्याआधी पुढचं तुला माझ्याकडून कळायला हवं.

सुशीला, आता हे वाचताना थांबू नको. आई रडली तरी थांबू नको. तो तुझा भाऊ होता, तू मला काय म्हणायचं ते नंतर म्हण.

भादव्यात दत्ताराम रजेवर होता, तापानं पडला आणि रजा संपत आली. मालवणचा डॉक्टर महिन्याचा दाखला द्यायला तयार होता. दत्ताराम म्हणाला, जातो. तू म्हणालीस, दाखला घे. शेवटी ठरलं, रवळनाथाला कौल लावून विचारायचं. तुमच्या भावकीत बाळंतपण झालेलं, सोयर होतं, तुला देवळाची पायरी चढता येईना, म्हणून तू मला पाठवलंस. आमच्या मळ्यात त्या दिवशी कापणीला चार बायका लावलेल्या आणि आभाळ भरून आलेलं. परशुराम गुरवानं देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर दाखला घे आणि थांब. मी हात जोडून बसले. पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. माझं अर्धं लक्ष आभाळाकडे. मी दोनदा उठले तेव्हा परशुराम म्हणाला, वायच थांब गो नर्मदे, देवाक घाई नसता. मग तो जेवायला घरी गेला, पडली की सांग म्हणाला. मी एकटीच बसले. पाकळ्या दगडाला घट्ट चिकटलेल्या. मला वाटलं, देव तरी वेगळं काय सांगणार, तरणाताठा शिपाई, एवढ्याशा तापाला घाबरून घरी बसवायचा का. आणि ढग गडगडले.

मी उठले आणि मळ्यात गेले. वाटेत परशुरामाच्या अंगणात ओरडून सांगितलं, उजवो झालो. संध्याकाळी तुझ्या दारात येऊनही तेच सांगितलं. तू लगेच आत जाऊन त्याची ट्रंक भरायला घेतलीस. दाखल्याचं नाव पुन्हा काढलं नाहीस. माझं त्या दिवसाचं भात मात्र कोरडं घरात आलं.

पाच महिने मी हे गिळून बसले आहे आणि गावभर दुसऱ्याला माफी मागायला सांगत फिरते आहे. न बघता पाठवलं, वर काय आहे ते न विचारता पाठवलं, असं त्या पंतप्रधानाला म्हणताना ते माझंच मला ऐकू येतं, आणि मग मी आणखी मोठ्यानं बोलते. मास्तरांचं म्हणणं आता मला कळतं. देवानं नेलं म्हणून तू दोन घास खातेस, तेवढा आधार मी काढून घेते आहे. पण खोट्यावर तुला टेकून बसलेली बघून मला झोप येत नाही. सुगंधा, मी चुकले. तुझा पोरगा मी पाठवला. माफ कर असं म्हणायलाही जीभ वळत नाही, तरी म्हणते. अर्जावर अंगठा दे नाहीतर नको देऊ, पण देवाचा हुकूम होता असं कोणाला सांगू नको. रवळनाथाला बोल लावू नको. तो त्या दिवशी काहीच बोलला नव्हता.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
नर्मदा