मीठ पटीत वाढवू नकोस

मंगळवार, ३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाची सांगत होती, आता तू जिना न थांबता चढतेस. ऐकून बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक. साडेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, वाईट बातमी काही नाही. कामाचं पत्र आहे.

आपल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आता भिंतीवर एक टॅब लावलाय. शेगड्यांपासून दोन हात लांब, वाफेसाठी वर प्लास्टिकची पिशवी. त्यात एक ॲप आहे, माझ्या लेकीनं घालून दिलं. पाककृतीच्या पानाचा फोटो काढायचा, की ते वाचून साहित्य एकीकडे आणि कृती एकीकडे मांडतं. वर माणसांचा आकडा असतो. तिथे सहा पुसून दोनशे चाळीस लिहिलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी मापं बदलतात. मग एकेक पायरी दाखवतं. ती झाली की बोट लावायचं, पुढची येते. शिजायला ठेवलं की वेळ मोजतं आणि झाली की कोंबड्यासारखं ओरडतं.

पहिल्या दिवशी आपली तोफ (भांड्यांवरच्या बाईंचं हे नाव तूच ठेवलंस) कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता ह्या पाटीला विचारून जेवण करायचं का?" आठवड्याभरात तीच दुसऱ्यांना दाखवायला लागली, "असं बोट लाव, नखानं नको." मी तर म्हणते, हे दहा वर्षं आधी यायला हवं होतं. उरलेलं अन्न निम्म्यावर आलंय. सुट्टीवर कोण आहे यावरून चव बदलत नाही. काम माझ्या मुठीत आहे, ताई.

आता मुद्दा. तुझी निळी वही कपाटातच राहिली होती. त्रेसष्ट पाककृती. मी न विचारता सगळ्या पानांचे फोटो काढले. रागव हवं तर. पण तुझ्या काही शब्दांपुढे ॲप हात टेकतं. त्यांची यादी सोबत जोडली आहे, समोर आकडे लिहून पाठव. 'बोटभर पाणी' म्हणजे किती? 'मूठभर' कोणाची, तुझी की माझी? 'पाव हलका वाटेपर्यंत' म्हणजे किती मिनिटं? आणि कांद्याला 'वास सुटेपर्यंत' परतायचं, ते किती मिनिटं?

सविस्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. आकडे पुरेत.

तुझी,
धाकटी


सोमवार, २० नोव्हेंबर

ताई,

तुझा कागद मिळाला. माझीच यादी, समोर आकडे, वर ना मायना खाली ना सही. तू असंच करशील हे मला माहीत होतं, आणि इतकं नीट लिहून पाठवशील हेही माहीत होतं. 'मूठभर' समोर 'माझी. पंचेचाळीस ग्रॅम.' 'वास सुटेपर्यंत' समोर तू लिहिलंस, 'हा काय प्रश्न झाला?' ते वाचून मी कागद घडी घालून एप्रनच्या खिशात टाकला. आणि सगळ्यात खाली, मी न विचारलेलं, 'मीठ पटीत वाढवू नकोस. चाखून घाल.'

बाकी सगळे आकडे त्याच दिवशी टॅबवर चढवले. ही शेवटची ओळ तेवढी सोडली. तिच्यात आकडा नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली.

गेल्या मंगळवारी काय झालं ते आता सांगते. कोणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

तुझं मसुराचं सूप केलं. वहीत सहा जणांचं, मी दोनशे चाळीस केले. तुझ्या वहीतले मिठाचे दोन चमचे चहाचे. ॲपनं ते जेवणाचे, मोठे धरले. मिठाच्या समोर किलोच्या वर आकडा आला. भाजी चिरणारी बाई मीठ तोलता तोलता थांबली. "बाई, एवढं?" मी पाठमोरीच होते. "आकडा म्हणतो तेवढं," मी म्हणाले. अकरा वर्षं तुझ्या हाताखाली काढलेल्या बाईनं असं म्हणावं! किलोभर मीठ काय असतं हे माझ्या डोळ्यांना कळत नाही का? कळतं. पण आकड्यावर शंका घ्यायची तर चाखून खात्री करावी लागते, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातं.

पहिली गाडी दुसऱ्या मजल्यावर गेली. बिनमिठाचं जेवण ज्यांना लागतं त्यांचं पातेलं वेगळं असतं, म्हणून फार मोठा अनर्थ टळला. पाच-सात जणांनी पहिलाच घोट थुंकला. दहा मिनिटांत मेट्रनबाई हातात वाटी घेऊन स्वतः खाली आल्या. त्या खाली आलेल्या तू कधी पाहिल्यास? मीही नाही. वाटी माझ्यासमोर धरली.

"हे चाखा."

सगळं स्वयंपाकघर बघत होतं. मी चमचा भरून घेतला, गिळला. गरम आहे, दाट आहे, घशाला थोडं चरचरतंय, एवढं कळलं. त्यावरून चेहरा कसा करायचा ते ठरवायला मला एक क्षण जास्त लागला.

"थोडं जास्त झालंय का?" मी म्हणाले.

तोफ पुढे आली, त्याच वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि नळाकडे धावली. चूळ भरून परत आली तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला. "बाई, तुम्हाला लागत नाही का हो?"

नाही लागत, ताई. चार वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मला ताप आला होता, बारा दिवस अंथरुणाला खिळले होते, तू सकाळ-संध्याकाळ डबा पाठवायचीस, त्यानंतरच. वास पूर्ण गेला. चव म्हणशील तर गोड कधीमधी लागतं, तेही सावलीसारखं. बाकी सगळं ओला कापूस.

आता पुढचं लिहायला मी तीन कागद फाडलेत.

तापातून उठून मी कामावर आले आणि मला सगळंच फिकं लागायला लागलं. घरचं मीच करत होते, ते फिकं लागलं तेव्हा वाटलं अजून अशक्तपणा आहे. तुझं फिकं लागलं तेव्हा मात्र वाटलं, ताईचा हात गेला. बघ माणसाचं मन किती सोयीस्कर असतं. मी रोज तुझ्या पातेल्यात चोरून मीठ टाकायला लागले. तू ते चाखून पाणी वाढवायचीस. मी पुन्हा टाकायचे. आणि त्या बैठकीत अधीक्षक साहेबांनी "कोणाला काही सांगायचंय?" असं सहज विचारलं, तेव्हा मी उभी राहिले. "ताईचं वय झालं. हातात चव राहिली नाही." एकाही रुग्णाची तक्रार नव्हती. पण सख्खी बहीण म्हणतेय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? तू माझ्याकडे पाहिलंस. एप्रन सोडलास, घडी घातलीस, टेबलावर ठेवलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तुला वाटेल, बिचारीला कळलं नव्हतं. त्या दिवशी नव्हतं कळलं, हे खरं आहे. पण तू गेल्यानंतर सहा महिन्यांनी गॅसची नळी सुटली. सगळ्या बायका नाकाला पदर लावून बाहेर पळाल्या आणि मी आत उभी राहून म्हणत होते, "काय झालं? कसला वास?" तोफेनं दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. अंगणात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात सगळा हिशोब लागला. तुझा हात शाबूत होता. गेली होती माझी जीभ.

म्हणजे तीन वर्षं मला माहीत होतं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी जागा मला मिळाली होती, आणि खरं सांगितलं असतं तर ती गेली असती. लपवायचे मार्ग मी पक्के शिकले. परत आलेल्या ताटल्या बघायच्या. कांद्याचा रंग बघायचा. "जरा बघ गं, मला सर्दी आहे," म्हणायचं. आणि शेवटी हा टॅब. तो आला तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं, कारण त्याला जीभ नसते आणि त्याचं काही अडत नाही.

आता पुढचं ऐक. रडगाणं गायला मी हे लिहीत नाहीये.

त्या दुपारी सूप ओतून दिलं, रुग्णांना दूध-पाव गेला. मग मी सगळ्यांना बसवलं आणि उभी राहून सांगितलं. तापाचं, गॅसचं आणि तुझंही. तोफ म्हणाली, "मग ताईंना उगाच घालवलंत." मी म्हणाले, "हो." त्या एका शब्दानंतर मला साडेतीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता ती गोष्ट जुनी झाली हो." मी म्हणाले, "तिच्यासाठी झाली नसेल. मी तेव्हा तोंडी बोलले, आज लेखी देते." दोन पानं लिहून दिली. माझी नोकरी जाईल अशा तयारीनं गेले होते. ते बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, काम उत्तम चाललंय, तुम्ही राहा, पण चाखायला दुसरं माणूस हवं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. परत येईल याची खात्री नाही म्हणाले. ठीक आहे. डोळे आहेत, हात आहेत, तराजू आहे.

टॅब मी काढलेला नाही, काढणारही नाही. त्याची चूक नव्हती, त्याला चमचा कोणता ते सांगायचं काम माझं होतं. आता तुझ्या प्रत्येक पाककृतीत मीठ फक्त निम्मं चढवलंय आणि त्याखाली एक पायरी वाढवली आहे: 'थांबा. दोघींना चाखायला द्या.' दोघी म्हणजे तोफ आणि भाजी चिरणारी बाई. दोघींनी होकार दिल्याशिवाय पुढच्या पायरीला बोट लावायचं नाही, मीसुद्धा. काल तेच सूप पुन्हा केलं. तोफेनं चमचा तोंडात धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "हे ताईंचं." मला काही लागलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं, अगदी बरोबर झालंय.

माफ कर असं लिहिणार होते, खोडलं. ते तोंडानं मागायचं असतं. रविवारी सकाळच्या बसनं येते. साहेबांना दिलेल्या दोन पानांची प्रत सोबत आणते, त्यावर त्यांची सही आहे. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पाकीट दाराखालून सरकवीन आणि जाईन, पण पुढच्या रविवारी पुन्हा येईन. भाचीला वाचून दाखव, जावयांना दाखव, ज्यांना ज्यांना वाटलं असेल की तुझा हात गेला त्या सगळ्यांना दाखव.

तुझा हात एक दिवससुद्धा गेला नव्हता, ताई.

तुझ्यावर खोटा आळ घेतलेली आणि तो खाली ठेवायला येणारी,
तुझी धाकटी