आईचं आवरलेलं घर

वेस्टरहोल्म,
१४ ऑक्टोबर

मेरेता,

आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहून पत्र सुरू करायची पद्धत आहे. ती आज मोडतो. बटाटे काढून झाले, बोट वेळेवर येते, पवनचक्की फिरते आहे. तुला एवढी बातमी पुरेल, कारण तुझं प्रेम बेटावर आहे, इथल्या माणसांवर नाही.

ऑगस्टमध्ये मैत्रिणींना घेऊन आलीस. माळरान, जंगल, दलदल, सगळं पायाखाली घातलंस, खडकांवरचे सील प्राणी दाखवलेस. धक्क्यावर उभी राहून त्यांना सांगत होतीस, "आमच्याकडे काही म्हणता काही वाया जात नाही गं!" आई तेव्हा खुब्याचं हाड मोडून पाण्यापलीकडे, शहरातल्या हॉस्पिटलात होती. तिला भेटायला तुला सवड झाली नाही. तिचं घर आवरायला मात्र झाली.

मी कापणीत अडकलो होतो. तू हातगाडी भरभरून तिचं सामान कचरा-केंद्रातल्या फुकट घेऊन जायच्या खोलीत नेऊन ठेवलंस. तिथे ठेवलेलं कुणीही न विचारता न्यावं, ही रीत आपल्या अंगात मुरलेली आहे. पण जिवंत माणसाचं सामान त्याला विचारून जातं, मेरेता. फोनवर जाब विचारला तर म्हणालीस, "एस्बेन, आता ती कसली परत येतेय!"

ती परत आली. दारातच काठीवर रेलून उभी राहिली. रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाली, "कोण गेलं रे?"

मी तिला बसायला माझ्या घरून खुर्ची आणली.

दारोदार फिरून सगळं परत आणायचं मी ठरवलं होतं. लोकांनी हसत दिलं असतं. त्यांना वाटलं होतं, म्हातारी वृद्धाश्रमात चालली. पण शुक्रवारी आईला घेऊन दुकानात गेलो तर शेजारची गुद्रुन भेटली, अंगात आईचा निळा कोट. बिचारी लाल झाली, बटणं काढायला लागली. "अगं बाई, कार्ला! मला काय ठाऊक! घे बाई तुझा तुला."

आईने तिची बटणं एकेक करून परत लावली. "राहू दे गं. मीच सांगितलं होतं मेरेताला, सगळं देऊन टाक म्हणून. या वयात कशाला हवा पसारा!"

सगळ्या दुकानाने ऐकलं. आता मी कुणाच्या दारात गेलो तर आई खोटी ठरते. तुझं नाव राखायला ती माझ्या फाटक्या जाकिटात कुडकुडते आणि लोक तुझे गोडवे गातात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आईने मला एवढंच कळवायला सांगितलंय, "घर छान आवरलंस, थंडीच्या आधी एकदा येऊन जा." कळवलं.

ये. त्याच दुकानात सगळ्यांसमोर सांग, की आई जिवंत असताना तू तिला मेली समजलीस. तिचं खोटं फक्त तुलाच खोडता येईल.

तोवर तुझा भाऊ नव्हे, फक्त आईचा मुलगा,
एस्बेन