सौर पंपावरच्या कुरडया

रा. रा. देवीदासराव यांस,

बार्शीटाकळीहून मोतीरामचा मनापासून रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अमरावतीचं ऊन कसं आहे? वहिनींना, मुलांना आणि सध्या तुमच्याकडे मुक्कामाला असलेल्या मंडळींनाही नमस्कार. (मंडळींना जरा जास्तच.)

आपल्या घरामागच्या वावरात सौर पंप बसला, हे कानावर आलंच असेल. तीन वर्षं पाऊस रुसला, कापसानं हात वर केले, पण उन्हाचं पीक काही बुडालं नाही. म्हटलं, आता तेच घ्यावं. मागच्या पंधरवड्यात अकोल्याचे साहेब प्रात्यक्षिकाला आले. साऱ्या गावासमोर पंप चालला तर आणखी बारा जण नावं देणार होते. नाही चालला तर मला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण चार महिने मी पारावर दुसरं काही बोललोच नव्हतो.

साहेबांनी बाजेवर बसून (पॅनलच्या मागे, त्याच्याच सावलीत, वावरात दुसरी सावली नाही) सूर्याच्या जोरावर आपल्या देशाला केवढा वाव आहे, ते अर्धा तास सांगितलं. मग मी बटण दाबलं. पंप घुर्र करून गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. माझं बरं झालेलं ज्याला कधी बघवत नाही तो शेजारचा नत्थुजी मोठ्यानं म्हणाला, "काहून जी मोतीरामभाऊ, सूर्यावर बी लोडशेडिंग लागलं काय?" साठ माणसं हसली. साहेब घाम पुसत पॅनलच्या पुढच्या बाजूला गेले, आणि पाहतात तर काय, पॅनलवर माझं धोतर पसरलेलं आणि धोतरावर ओळीनं ओल्या कुरडया!

मी तिथल्या तिथे तुमच्या बहिणीवर खापर फोडलं. बायकांना विज्ञानातलं काय कळतं, असंही वर म्हणालो. वच्छला म्हणाली, "मी तं बाजेवर घातल्या होत्या. त्यायले पाय फुटले काय?" आणि घरात निघून गेली.

धोतर काढलं मात्र, पाणी असं उसळलं की पाइपापाशी उभा असलेला नत्थुजीच आधी भिजला! पोरं नाचली, बाया नाचल्या, मीही नाचलो (वय बासष्ट). साहेबांनी अर्धवट वाळलेल्या सात कुरडया तशाच खाल्ल्या. बाराही नावं झाली, त्यात पहिलं नत्थुजीचं. देवीदासराव, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये.)

आपला,
मोतीराम

ता. क. वच्छला रागावून तुमच्याकडे आली, त्याला आज नऊ दिवस झाले. तिला पाठवावं. घरात पाणी भरपूर आहे, पण मला चहा जमत नाही, आणि करमतही नाही.

आणखी एक ता. क. हे मात्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा. साहेबांना बसायला बाज हवी होती, म्हणून कुरडया धोतरासकट उचलून पॅनलवर मीच घातल्या. जागा स्वच्छ होती, ऊनही चांगलं लागत होतं. काल पारावर साऱ्या गावासमोर मी हे कबूल केलं. नत्थुजी म्हणाला ऐकू आलं नाही, म्हणून दोनदा केलं.