गॅसपाशी कोण बसणार?

रविवार, ९ मार्च

ती. मामांना साष्टांग नमस्कार, मामींनाही.

गुडघा कसा आहे? इकडे आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये सगळं ठीक. चहावाला रोज विचारतो, "मास्तर रुसले की काय?" मी त्याला गुडघ्याचंच सांगते.

दूध कारखान्याच्या स्टीलच्या पाइपांचं काम आपल्याला मिळालं. पण हातातोंडाशी आलेला घास जाणार होता, ते आधी ऐका. नमुन्याचा पहिला सांधा मी असा देखणा मारला की स्वतःच बघत राहिले. मग त्यांच्या इंजिनिअरने पाइपात कॅमेरा घातला. सांधा आतून दूध करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा काळा, खडबडीत. "इथे दूध अडकून नासेल," एवढंच म्हणून त्याने दुसरा तुकडा पुढे केला. तोही बिघडला असता तर काम गेलंच होतं.

चूक माझ्या घाईची. पाइपातली हवा घालवायला आर्गॉन गॅस सोडला आणि ती जायच्या आतच वेल्डिंगचा टॉर्च धरला. मग तुम्ही आठवलात. पाइपची दोन्ही टोकं टेपने बंद, एकीकडून गॅस, दुसरीकडे बारीक भोक, आणि भोकाशी पेटती काडी. ती विझली की आतली हवा गेली, मगच वेल्डिंग. नंतरही पाइप हाताला गार लागेपर्यंत तुम्ही गॅस बंद करू द्यायचा नाहीत. आम्ही आपले हसायचो, मास्तर पाइपला टेकून डुलक्या काढतात म्हणून! या वेळी मी तशीच बसून राहिले. सांधा आतूनही लख्ख निघाला.

"कोणी शिकवलं?" इंजिनिअरने विचारलं. मी म्हटलं, "मामांनी." त्याने विचारलं, "ते नसतात का इथे?" तेव्हा मला गुडघ्याचं कारण सांगवेना.

मामा, तुमचा हात थरथरतो, मला माहीत आहे. हात हलला की टॉर्चची सुई वितळलेल्या स्टीलमध्ये बुडून खराब व्हायची, तुम्ही सुई बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचात, आणि मी काही न बोलता टोक घासून द्यायची. मला कळलंय हे तुम्हालाही कळत होतं. म्हणून तर तुम्ही घरी बसलात.

सगळे म्हणत होते, पोरीला हे झेपायचं नाही. तुम्ही मात्र हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणालात, "काच खाली घे आणि बघ." आज मी माझ्या पायावर उभी आहे ती तुमच्यामुळे. हे तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून लिहिते.

टॉर्च मी धरेन. पण गॅसपाशी कोण बसणार? ज्याला बसवते तो घाई करतो, आणि मीही त्यातलीच. तिथे धीराचा माणूस लागतो. गुरुवारी काम सुरू होतंय, मी सकाळी न्यायला येते. नाही म्हणू नका. थरथरत्या हातातली काडीसुद्धा आर्गॉनमध्ये विझतेच, मामा.

तुम्ही घडवलेली,
तुमची भाची