रेशम्याचे केस

१६ फेब्रुवारी
महेशने कुत्रा आणला! मला न विचारता! सातपूरच्या त्याच्या कंपनीतल्या साहेबांची बदली झाली, त्यांनी पिल्लू याच्या गळ्यात मारलं. अफगाण हाउंड म्हणे. लहानपणी मला कुत्रं चावलंय, पोटात इंजेक्शनं घेतलीत — लग्नाआधीच सांगितलं होतं. "साधना, अगं केवढंसं आहे ते!" केवढंसं. दात बघितलेत का त्याचे?

२ मार्च
नाव ठेवलं रेशम्या. रोज विंचरायला लागतं, नाहीतर गुंता होतो. महेशची सेकंड शिफ्ट, म्हणजे संध्याकाळची फणी माझ्याच हातात. तो फणी चावतो, मी किंचाळते, सासूबाई पदर तोंडाला लावून हसतात. "तू त्याला भितीस, त्यो तुला भितो. चांगली जोडी हाय!"

१९ एप्रिल
जमलं! "बस" म्हटलं की ओट्यावर बसायचं, "ऊठ" म्हणेपर्यंत हलायचं नाही. मांजर जाऊ दे, फटफटी जाऊ दे. तो हलला की केस ओढले जातात, मग तो गुरगुरतो आणि माझा जीव जातो. पोळीच्या तुकड्यांवर शिकवलं. महेशचं ऐकत नाही, फक्त माझं.

७ सप्टेंबर
कानांवरून काय केस सुटलेत! सासूबाई म्हणाल्या, "पंचवटीतल्या बाबांच्या जटा बी याच्यापुढं काय नाय." आता तो हाताला लागला तरी मी दचकत नाही. थोडीशीच.

२२ ऑक्टोबर
शेजारच्या सावळीरामभाऊंचा कुत्रा बिबट्याने नेला. पलीकडच्या उसात नुसता पट्टा सापडला. आमचं घर मळ्यात, उसापासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर दार लावून बसले. रेशम्याला काही झालं तर? — हे मी लिहितेय, मी!

४ नोव्हेंबर
रेशम्याचे लहानपणचे केस झडताहेत, रोज ओंजळभर निघतात. आप्पा खूश. दरवर्षी डुकरांसाठी सलूनमधून केसांची पिशवी आणतात, केसांच्या वासाने रानडुक्कर मक्यात शिरत नाही म्हणून. "औंदा घरचंच केस!" सासऱ्यांना नाही कोण म्हणणार? मीच फडक्यात पुरचुंड्या बांधून दिल्या. त्यांनी त्या बांधाने काठ्यांना लटकवल्या, उसाच्या कडेपासून पार ओट्यापर्यंत.

१९ नोव्हेंबर
मक्यात एकही डुक्कर नाही. सासूबाई मात्र पांढऱ्याफटक होऊन आल्या. उसाकडच्या पुरचुंड्या फाडलेल्या. प्रत्येकीखाली पंजा उमटलेला.
माणसाचे केस नव्हते ते. कुत्र्याचे होते. बिबट्याला कुत्रं किती आवडतं हे इथे शेंबडं पोरही सांगेल, आणि आम्ही घरभर शहाण्यांनी त्याला दारापर्यंत वास पसरून दिला! आप्पा तडक बांधावर गेले. जेवलेही नाहीत. उरलेल्या सगळ्या पुरचुंड्या जाळल्या. पण वास जळतो का?

२० नोव्हेंबर
वनखात्याची माणसं येऊन गेली. ओट्यासमोरच्या कडुनिंबाला कॅमेरा बांधला. कुत्रा आत ठेवा म्हणाले. ठेवतेच. फक्त विंचरायला बाहेर, तेही ऊन असताना. घरात केस उडाले की सासूबाईंना खोकला येतो.

२४ नोव्हेंबर
महेशला म्हटलं, देऊन टाकू याला. देवळालीला तुझ्या बहिणीकडे तरी ठेव. "रविवारी बघू." रविवारपर्यंत मी काय करू?

२५ नोव्हेंबर
आज विंचरताना रेशम्या थरथरत होता. माझ्या खांद्यावरून एकटक गुलाबाच्या वाफ्याकडे बघत होता. घशात बारीक आवाज. गुंता ओढला गेला असेल. मी दटावलं — "बस!" आणि सगळे केस सावकाश सोडवले. जागचा हलला नाही गं बाई! शेवटी गळ्यात हात टाकला त्याच्या. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याची भीती वाटली नाही.

२७ नोव्हेंबर
वनखात्याच्या माणसांनी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. परवाचा, ऊन असतानाचा. ओट्यावर मी, हातात फणी. माझ्या पाठीमागे, गुलाबांत, बिबट्या दबा धरून. रेशम्या त्याच्याकडे बघतोय.
पळाला नाही. मी "ऊठ" म्हटलंच नव्हतं.